इंग्लंडमधील रेशीम-गिरण्यांतील कामगार-पूर्वजांचा शोध : व्यवसायनामांच्या साक्षीचा विचार

१

स्वतःच्या पूर्वजांचा शोध घेणे हा इंग्लंडमध्ये आज एक लोकप्रिय व्यासंग झाला आहे. एके काळी सरदार-जमीनदारांच्या वंशावळींपुरता मर्यादित असलेला हा उद्योग आता खाणकामगार, शेतमजूर, मोलकरणी आणि गिरणीतील मुले यांच्यापर्यंत येऊन पोचला आहे. याचे मुख्य कारण साधनांची उपलब्धता हे होय. शिरगणतीची पुस्तके, चर्चमधील नोंदवह्या आणि जन्म-विवाह-मृत्यूंच्या नोंदी यांच्या सूची आता संगणकावर पाहावयास मिळतात. पूर्वी ज्या शोधास महिने लागत, तो एका बैठकीत होऊ शकतो. तथापि नाव सापडणे आणि मनुष्य सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या सुलभतेमुळे विसरले जाण्याचा संभव असतो.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील रेशीम-गिरण्यांत राबलेल्या कामगारांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. एक तर या धंद्यातील बहुसंख्य कामगार स्त्रिया आणि मुले होती. म्हणजे ज्यांची नोंद घेण्याविषयी कागदपत्रे सर्वांत उदासीन असतात, असाच हा वर्ग होता. दुसरे म्हणजे या धंद्यातील कामांची नावे अत्यंत फसवी आहेत. त्यांतील शब्द आजच्या इंग्रजीतही आढळतात, परंतु त्यांचा अर्थ मात्र बदललेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास येथे भाषाशास्त्राचे साहाय्य घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम धंद्याची थोडक्यात ओळख करून घेतली पाहिजे. डर्बी येथे डरवेंट नदीच्या काठी लोंब बंधूंनी उभारलेली पाण्यावर चालणारी गिरणी १७२१ च्या सुमारास पुरी झाली. रेशमाला पीळ देण्याची इटालियन यंत्रे तीत बसविलेली होती. टॉमस लोंब यास १७१८ साली मिळालेल्या एकाधिकाराची मुदत १७३२ मध्ये संपली. पार्लमेंटने ती वाढवून दिली नाही, मात्र त्यास १४,००० पौंड देऊ केले. त्यानंतर स्टॉकपोर्ट, मॅकल्सफील्ड, काँगल्टन, लीक अशा गावांतून या गिरण्या पसरल्या. दक्षिणेकडे हर्टफर्डशर व एसेक्स या परगण्यांतही त्या निघाल्या. एसेक्समधील कोर्टोल्ड घराण्याचा शोकवस्त्राच्या काळ्या क्रेपचा धंदा तर पुढे सर्वश्रुत झाला. कोव्हेंट्री हे रेशमी फितींचे केंद्र होते, आणि लंडनमधील स्पिटलफील्ड्स हे हातमागावरील विणकामाचे जुने ठाणे होते. १८५१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रेशमाच्या निरनिराळ्या कामांवर एक लाखाहून अधिक माणसे पोट भरीत होती.

या धंद्याचे दैव बव्हंशी जकातीच्या कायद्यावर अवलंबून होते. १७६६ पासून परदेशी रेशमी कापडाच्या आयातीस बंदी होती. ती १८२६ मध्ये उठली आणि तिच्या जागी जकात आली. १८६० च्या फ्रान्सबरोबरील व्यापारी करारान्वये ती जकातही गेली. ही दोन्ही वर्षे शोधकाने मनात पक्की ठेवावीत. कारण घराण्याच्या धाग्यातील तुटी पुष्कळदा याच वर्षांच्या आसपास सापडतात. १८६१ च्या शिरगणतीत कोव्हेंट्रीस दिसणारे कुटुंब १८७१ मध्ये तेथे नसेल, तर ते मृत्यू पावले असे समजण्याचे कारण नाही. त्या दशकात त्या शहराची लोकसंख्याच घटली. मॅकल्सफील्डचे कितीतरी विणकर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पॅटर्सन येथे गेले. त्या वाटेने आधीच, १८३९ मध्ये, जॉन राइल हा गेलेला होता, आणि अमेरिकेतील रेशीमधंद्याच्या जनकांत आज त्याची गणना होते. अशा कुटुंबाचा पुढील दुवा इंग्लंडच्या नव्हे, तर अमेरिकेच्या १८७० अथवा १८८० च्या शिरगणतीत शोधावा लागतो.

३

आता शब्दांकडे वळू. रेशीम-गिरणीतील मूळ काम सुताच्या गिरणीहून वेगळे असते. कोशापासून निघालेला तंतू मुळातच अखंड असल्यामुळे तो कातावा लागत नाही. त्यास केवळ पीळ द्यावयाचा असतो. कच्च्या रेशमाच्या लडी उकलून रिळांवर गुंडाळणे, धाग्यातील गाठी व कचरा काढणे, पीळ देणे, दोन वा अधिक पदर एकत्र करणे आणि पुन्हा पीळ देणे असा हा क्रम होता. ताण्यासाठी लागणाऱ्या ‘ऑर्गन्झिन’ या धाग्यात प्रत्येक पदरास आधी स्वतंत्र पीळ देऊन मग ते पदर उलट दिशेने एकत्र पिळीत. बाण्यासाठी लागणाऱ्या ‘ट्रॅम’ या धाग्यात पदर एकत्र करून त्यांस हलका पीळ देत.

या पीळ देण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘थ्रो’ असे म्हणतात आणि ती करणाऱ्यास ‘थ्रोस्टर’. आजच्या इंग्रजीत ‘थ्रो’ म्हणजे फेकणे. त्यामुळे शिरगणतीत आपल्या पणजीपुढे हा शब्द वाचून गोंधळून जाणाऱ्या वाचकाची कल्पना करता येते. परंतु जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ पिळणे, वळविणे असाच होता. जर्मन भाषेतील ‘ड्रेहेन’ हा त्याचा सगोत्र शब्द आजही वळविणे हाच अर्थ दाखवितो. व्यवहारातील भाषेने सोडून दिलेला अर्थ धंद्याच्या भाषेने जतन केला, याचे हे उत्तम उदाहरण आहे. याच शब्दाचा ‘-स्टर’ हा प्रत्ययही लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या इंग्रजीत तो स्त्रीकर्तृवाचक होता. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’ आणि विणणारी ती ‘वेब्स्टर’, असे हे शब्द घडले. पुढे प्रत्ययातील लिंगभाव लोपला. ‘वेब्स्टर’ हे आडनाव झाले आणि ‘स्पिन्स्टर’ ही अविवाहित स्त्रीची कायदेशीर संज्ञा झाली. या शेवटच्या अर्थांतराकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

असेच आणखी काही शब्द पाहावेत. ‘पीसर’ म्हणजे तुकडे करणारा नव्हे, तर तुटलेले धागे जोडणारा. हे काम बहुधा मुलांकडे असे. ‘डब्लर’ म्हणजे पदर एकत्र करणारा. आपल्याकडे दोरीच्या संदर्भात आपण दुपेडी-तिपेडी असे म्हणतो, तीच ही क्रिया होय. ‘स्पिनर’ हा शब्द तर प्रदेशागणिक बदलतो. मॅकल्सफील्डच्या गिरणीतील ‘सिल्क स्पिनर’ हा रेशमास पहिला पीळ देणारा असू शकतो. यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड येथे मात्र लिस्टरच्या मॅनिंगहॅम गिरणीत टाकाऊ रेशमाचे तुटक तंतू पिंजून ते खरोखरच कातीत असत. शब्द एकच, पण यंत्र, कौशल्य आणि वेतन ही तिन्ही निराळी. लीक येथील ‘ट्विस्टर’ हा पुन्हा वेगळाच. तो ‘शेड’ नावाच्या पंचवीस-तीस यार्ड लांबीच्या जागेत हाताने चक्र फिरवून पीळ देई, आणि त्याचा मदतनीस मुलगा धागे घेऊन दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असे. शिरगणतीत हा मुलगा केवळ ‘हेल्पर’ म्हणून येतो; त्या एका शब्दामागे केवढी पायपीट आहे, हे शब्दकोश सांगत नाही.

कोव्हेंट्री आणि मॅकल्सफील्ड येथील ‘अंडरटेकर’ या शब्दाने तर अनेकांची दिशाभूल केली असेल. आज त्याचा अर्थ प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारा असा होतो. रेशीमधंद्यात मात्र व्यापाऱ्याकडून रेशीम अंगावर घेऊन ते विणून देण्याचे पत्करणारा मध्यस्थ, असा त्याचा अर्थ होता. तसेच ‘इंजिन-विणकर’ याचा वाफेच्या इंजिनाशी संबंध असेलच असे नाही. एकाच वेळी अनेक फिती विणणाऱ्या हातमागास कोव्हेंट्रीत ‘इंजिन-लूम’ म्हणत. आणि ‘सिल्क वीव्हर’ एवढीच नोंद असेल, तर तो पूर्वज गिरणीत जात होता असे गृहीत धरणे सर्वस्वी चूक ठरेल. मॅकल्सफील्डमध्ये आजही तीन मजली जुनी घरे दिसतात. त्यांच्या वरच्या मजल्यावरील रुंद खिडक्या मागावर उजेड पडावा म्हणून ठेवलेल्या आहेत. विणकर तेथे घरीच विणीत असे, आणि त्याची बायको व मुले गिरणीत जात. उलटपक्षी, गिरणीत काम करणारा विणकर यंत्रमागावरच असेल, असेही नाही. मॅकल्सफील्डच्या पॅरडाइज मिलमध्ये जॅकार्ड हातमाग १९८१ पर्यंत चालू होते.

या शब्दसंग्रहात आपल्या परिचयाचे काही शब्दही भेटतात. छापील रेशमी रुमालांस इंग्रजीत ‘बंडाना’ म्हणतात. तो शब्द ‘बांधणी’च्या कुळातला आहे. बंगालहून येणाऱ्या न रंगविलेल्या रेशमी कापडास तेथील व्यापारी ‘कोरा’ म्हणत. मराठीत ‘कोरे कापड’ म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल याने ज्या रानटी रेशमावर रंग चढविण्यासाठी अनेक वर्षे प्रयोग केले, ते ‘टसर’ तर आपल्याकडचेच. बंगालचे कच्चे रेशीमही इंग्लंडच्या गिरण्यांत जात होते. म्हणजे त्या पणजीच्या हातातील धागा आणि तिच्या तोंडातील काही शब्द एकाच वाटेने तेथे आले होते.

४

परंतु शिरगणतीतील शब्द हा कामगाराच्याच तोंडचा शब्द आहे काय? हा प्रश्न कळीचा आहे. १८४१ पासून प्रत्येक घरी एक छापील तक्ता दिला जाई. घरातील कोणी, किंवा लिहिता येत नसेल तर गणनाधिकारी स्वतः, तो भरी. मग गणनाधिकारी सर्व तक्ते आपल्या पुस्तकात उतरून काढी. त्यावर लंडनच्या कचेरीतील कारकून वर्गवारीसाठी खुणा करीत. त्यांच्या रेघोट्यांखाली पुष्कळदा मूळ अक्षरच झाकले जाते. १८४१ ते १९०१ या काळातील जी पुस्तके आज आपण वाचतो, ती या उतरून काढलेल्या प्रती आहेत. घरोघरीचे मूळ तक्ते बहुतांशी नष्ट करण्यात आले. आणि संगणकावरील सूची ही त्या प्रतीची आणखी एका हाताने केलेली प्रत. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथे बाळगली पाहिजे. १९११ पासून मात्र घरच्या माणसाने भरलेले मूळ तक्ते उपलब्ध आहेत. तेथे कामगाराचे स्वतःचे अक्षर, आणि क्वचित् त्याच्या बोलीचा उच्चारही, प्रथमच भेटतो. २०२२ साली खुल्या झालेल्या १९२१ च्या शिरगणतीत मालकाचे नावही असल्याने गिरणी कोणती, हे थेट कळते. एकोणिसाव्या शतकासाठी ही सोय नाही. तेथे घराचा पत्ता, शेजाऱ्यांचे व्यवसाय आणि गावचा नकाशा यांवरून गिरणीचे अनुमान करावे लागते.

प्रत्येक शिरगणतीचे स्वतःचे नियमही ध्यानात घेतले पाहिजेत. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहावयाचे होते. म्हणून तेव्हा ‘वीस’ म्हणून नोंदलेली तरुणी १८५१ मध्ये चौतीस वर्षांची दिसली, तर त्यात विसंगती नाही. जन्मस्थानाविषयी त्या वर्षी केवळ ‘याच परगण्यात की नाही’ आणि ‘स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात काय’ एवढेच विचारले होते. नेमके वय, जन्माचा पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी नाते ही १८५१ पासून मिळतात. तसेच घरच्या माणसाच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बायको-मुलांचा व्यवसाय लिहिण्याचे कारण नाही, अशी १८४१ ची सूचना होती. वरच्या मजल्यावरील मागासाठी दिवसभर कांड्या भरणारी विणकराची पत्नी त्या पुस्तकात निरुद्योगी दिसते, ती या सूचनेमुळे.

मुलांच्या वयासंबंधी कायद्याची साक्ष घेणे अगत्याचे आहे. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी केली. परंतु रेशीम-गिरण्यांस या अटीतून वगळले. नाजूक धाग्यास लहान, मऊ बोटेच हवीत, असा मालकांचा युक्तिवाद होता. १८४४ च्या कायद्याने इतर गिरण्यांतील तेरा वर्षांखालील मुलांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा मिळाली; पण केवळ रेशीम उकलण्याच्या व पिळण्याच्या कामावरील मुलांस अकरा वर्षे पुरी होताच पूर्ण दिवस राबविण्याची मुभा राहिली. आता १८५१ मधील मॅकल्सफील्डचे एक कल्पित घर डोळ्यांपुढे आणावे. बाप विणकर, आई ‘वाइंडर’, अकरा वर्षांची मुलगी ‘पीसर’ आणि सात वर्षांचा मुलगा ‘स्कॉलर’. या चार ओळींत ‘अकरा’ हा आकडा केवळ वय सांगत नाही. शाळेचा हक्क ज्या दिवशी संपत होता, तो दिवस तो सांगतो. तो आकडा खरा आहे की गरजेपोटी वाढविलेला, हे बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून अथवा १ जुलै १८३७ पासून सुरू झालेल्या जन्मनोंदीवरून ताडून पाहिले पाहिजे. ‘स्कॉलर’ या शब्दावरूनही मुलगा रोज शाळेत जात होता असे सिद्ध होत नाही. गिरणीच्या गावांतून पुष्कळ मुलांचे सारे शिक्षण रविवारच्या शाळेतच होई. मॅकल्सफीडमध्ये १८१४ च्या सुमारास बांधलेली रविवारच्या शाळेची भव्य इमारत या गोष्टीची साक्ष देत आजही उभी आहे.

अनाथ आणि निर्धन मुलांचा माग यापेक्षा वेगळ्या वाटेने काढावा लागतो. पॅरिशचे अधिकारी अशी मुले करारपत्राने गिरण्यांस देत असत. लंडनच्या पॅरिशांनी आपली मुले चाळीस मैलांपलीकडे पाठवू नयेत, असा निर्बंध १८१६ च्या कायद्याने घातला. वॉटफर्ड, सेंट ऑल्बन्स, ट्रिंग येथील रेशीम-गिरण्या या परिघाच्या आत येतात. लंडनच्या कागदांतून नाहीशा झालेल्या मुलाचा त्यानंतरच्या काळातील शोध प्रथम अशा गावांत घेणे म्हणूनच सयुक्तिक ठरते. गरिबांच्या वास्तव्याविषयीच्या चौकशीचे जबाबही उपयुक्त असतात. कोणत्या पॅरिशने पोसावे, एवढेच ठरविण्यासाठी अधिकारी त्या माणसाचे सारे पूर्वायुष्य विचारीत. त्यामुळे निर्दय हेतूने लिहिलेला हा कागदच कित्येकदा गरिबाचे एकमेव चरित्र ठरतो.

५

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत बापाचा व्यवसाय लिहिला जाऊ लागला, आईचा नाही. १८३७ नंतरच्या विवाहनोंदीत वर व वधू या दोघांच्याही बापांची नावे व व्यवसाय आले. आयांची नावे इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रथम दाखल झाली. वधूच्या व्यवसायाचा रकाना होता, पण तो पुष्कळदा कोराच ठेवला जाई. वर ज्या शब्दाचा उल्लेख केला, तो येथे पुन्हा भेटतो. दहा वर्षे गिरणीत रेशीम पिळलेली मुलगी लग्नाच्या दिवशी नोंदवहीत ‘स्पिन्स्टर’ म्हणून लिहिली जाते. एके काळी जो शब्द स्त्रीच्या हातातील कामाचे नाव होता, तोच आता तिच्या कामाविषयी काहीही सांगत नाही. फक्त तिला नवरा नव्हता, एवढेच सांगतो. शेजारचा व्यवसायाचा रकाना रिकामा असतो.

ही केवळ भाषिक गंमत नव्हे. वंशावळ बापाकडून बापाकडे चढत जाते, आणि रेशीम-गिरणीत बाप बहुधा नव्हताच. ज्याची आजी, पणजी आणि तिच्या बहिणी गिरणीत होत्या, असा मनुष्य बापाच्याच ओळीने शोध घेत गेला, तर त्यास विणकर, मजूर, चांभार असे पूर्वज मिळतील. रेशीम-गिरणी मात्र मिळणार नाही. आपल्याकडील कुलवृत्तान्तांच्या वाचकांस ही उणीव नवी नाही. तेथेही सून ही अमक्याची कन्या म्हणून येते, तिने काय केले हे क्वचितच येते. इंग्रज नोंदींच्या बाबतीत एक फरक असा, की शिरगणतीत दर दहा वर्षांनी एकदा तरी त्या स्त्रीच्या नावापुढे तिचे काम लिहिले जाण्याची शक्यता असते. म्हणून शोधाचा क्रमच बदलला पाहिजे. आधी आडनाव आणि मग व्यवसाय, असे न करता एका रस्त्यावरील सर्व घरे एकत्र वाचावीत; कोणत्या घरातील कोणत्या स्त्रिया एकाच कामावर आहेत, हे पाहावे; विवाहाचे साक्षीदार आणि घरातील भाडेकरू यांची नावे टिपावीत. दोन मेरी एकाच गावात, एकाच आडनावाच्या, एकाच वयाच्या असतील, तर एक ‘वाइंडर’ व दुसरी ‘डब्लर’ एवढ्यावरून मात्र त्या वेगळ्या मानू नयेत, कारण गिरणीत कामे बदलत असत. त्यांस वेगळे करणारा पुरावा शेजार, साक्षीदार आणि भावंडे यांतच सापडतो.

कौटुंबिक आख्यायिकांविषयीही एक इशारा देणे अवश्य आहे. रेशीमधंद्यातील अनेक घराण्यांत आपण फ्रान्समधून आलेल्या ह्यूगेनॉट निर्वासितांचे वंशज आहोत, अशी श्रद्धा असते. १६८५ नंतर असे निर्वासित स्पिटलफील्ड्समध्ये मोठ्या संख्येने आले, यात संशय नाही. परंतु धंदा एक म्हणून वंश एक, असे होत नाही. उत्तरेकडील गिरण्यांत स्थानिक मजूर आणि आयर्लंडमधून आलेली माणसे यांचा भरणा होता. १८५१ नंतरच्या जन्मस्थानाच्या रकान्यावरून हे पडताळता येते. आडनाव फ्रेंच वाटते एवढ्या ध्वनिसाम्यावर वंश ठरविणे म्हणजे लोकव्युत्पत्तीस इतिहासाचा दर्जा देणे होय.

६

सारांश, रेशीम-गिरणीतील पूर्वजांचा शोध हा तीन प्रश्नांचा शोध आहे. नोंदीतील शब्दाचा त्या गावी, त्या दशकात काय अर्थ होता? तो शब्द कोणी उच्चारला, कोणी लिहिला आणि कोणी उतरून काढला? आणि जेथे शब्दच नाही, तो रकाना कोणत्या नियमामुळे रिकामा राहिला? यांपैकी पहिला प्रश्न भाषाशास्त्राचा, दुसरा पाठचिकित्सेचा आणि तिसरा इतिहासाचा असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांस जुन्या दप्तरांवर काम करावयाचे असेल, त्यांनी या परक्या धंद्याच्या उदाहरणावरून एवढे तरी घ्यावे, की कोरा रकाना हाही एक पुरावा असतो. मात्र तो त्या स्त्रीविषयी नव्हे, तर नोंद करणाऱ्याविषयी असतो. तिच्याविषयीचा पुरावा पुष्कळदा शेजारच्या घराच्या ओळीत, बहिणीच्या नावापुढे लिहिलेल्या एखाद्या विसरलेल्या शब्दात सापडतो. तेथपर्यंत वाचीत जाण्याची चिकाटी मात्र हवी.